कोनसीमेची माती

कोनसीमा म्हणजे आंध्र प्रदेशात गोदावरीच्या गौतमी आणि वसिष्ठा या दोन मुख्य फाट्यांनी कवेत घेतलेला त्रिभुज प्रदेश. तेथे नदीने काठ कापला, की ओल्या दरडीत दोन प्रकारची माती थराथरांनी बसलेली दिसते. एक थर काळपट, चिकण, ओला असताना नखाला चिकटणारा आणि वाळला की भेगाळणारा. दुसरा पिवळसर वाळूचा. वाळू गारगोटीची आहे, आणि दख्खनच्या काळ्या पाषाणात ते खनिज जवळजवळ नसतेच, म्हणून ती प्रामुख्याने प्राणहिता, इंद्रावती, शबरी या उपनद्यांनी आणि पूर्व घाटाच्या जुन्या खडकांनी दिलेली असते. काळ्या थराचे गोत्र वेगळे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी पसरलेल्या लाव्हाचा बसाल्ट झिजून जी कापसाची काळी माती झाली, तिचा बारीक अंश त्यात आहे. नाशिक, पैठण, नांदेडकडच्या रानांतून दर पावसाळ्यात निसटलेला. गोदावरी महाराष्ट्रात सिंहस्थाची नदी म्हणून पूजली जाते, परंतु तिच्या काठची माती अखेर कोठे नांदायला जाते याची विचारपूस मराठी मनाने फारशी केलेली नाही, आणि ही उपेक्षा जिव्हारी लागण्यासारखी आहे.

पापिकोंडलूच्या डोंगरांतली अरुंद घळ मागे टाकून नदी राजमहेंद्रीजवळ सपाटीला लागते, तिचा उतार मोडतो आणि सोबत आणलेला गाळ तिला पेलेनासा होतो. जड वाळू आधी बसते. चिकणमातीचे कण मात्र इतके सूक्ष्म असतात, की गोड्या पाण्यात ते तरंगतच राहतात, आणि खाऱ्या पाण्याशी गाठ पडल्यावरच क्षारांमुळे एकमेकांना चिकटून, गुठळ्या होऊन तळाशी जातात. भूशास्त्राच्या मानाने ही भूमी तान्हीच आहे. हिमयुगाच्या ऐन भरात, सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती; बर्फ वितळत गेले तशी ती चढली, आणि सुमारे ७,००० वर्षांपूर्वी ती बरीचशी स्थिरावल्यावर नदीला गाळावर गाळ रचून समुद्राला मागे रेटता आले. जुन्या किनाऱ्यांच्या खुणा म्हणून आतल्या भागात वाळूचे लांबट, समांतर उंचवटे उरले आहेत. मुखाशी पडलेली वाळू लाटांनी उत्तरेकडे ओढत नेऊन काकीनाड्यासमोर वाळूचा लांब दांडा घातला आहे, आणि त्याच्या आडोशाला कोरिंगाच्या कांदळवनाला निवांत चिखल मिळाला आहे.

नदीपात्रातल्या गाळाच्या बेटांना येथे लंका म्हणतात. पूर ओसरल्यानंतरची सकाळ ही लंकेवरच्या शेतकऱ्याच्या वर्षातली सर्वांत कठीण वेळ असते. होडी टेकते, म्हातारा माणूस धोतर गुडघ्यावर खोचून उतरतो, आणि पिकाकडे न पाहता आधी वाकून पायाखालची माती चिमटीत धरतो. ती अंगठ्याखाली लोण्यासारखी पसरली, तर पुराने खताची चिंता मिटवली. खरखरली, तर शेतावर वाळू पडली आणि काही वर्षे ते पडीक राहणार. कधीकधी चिमटीत धरायलाही काही उरत नाही, कारण प्रवाहाने अंग बदललेले असते, बांध गेलेला असतो आणि नारळाची मुळे दरडीतून उघडी लोंबत असतात. जमिनीचा कागद घरात आणि जमीन नदीत, अशी ती अवस्था असते. नारळ लावणारा माणूस नातवंडांचा विचार करून लावतो. ६ नोव्हेंबर १९९६ च्या चक्रीवादळात कोनसीमेतले असंख्य माड एका रात्रीत आडवे झाले, तेव्हा माणसांच्या मृत्यूपाठोपाठ लोकांनी शोक केला तो याच हिशेबाच्या मोडण्याचा. असा माणूस नदीला दोष देत नाही. तिच्या देण्याघेण्याची रीत त्याला ठाऊक असते.

ही रीत आता वरच्या बाजूने बदलली आहे. आर्थर कॉटन यांनी १८४७ ते १८५२ या काळात धवळेश्वरमला बांधलेल्या बंधाऱ्याने दुष्काळाने पोळलेल्या या मुलखाला कालवे दिले, आणि त्यांचे नाव तेथे आजही आदराने घेतले जाते. पण तो बुटका बंधारा होता, पूर त्यावरून जात असे. मोठ्या धरणांच्या जलाशयांत मात्र पाणी थांबते आणि गाळ तळाशी बसतो. पैठणचा नाथसागर १९७६ पासून हेच करीत आला आहे, आणि त्या गाळाने त्याची स्वतःची साठवणही घटली आहे. इकडे त्रिभुज प्रदेशाची ताजी माती आपल्याच भाराने दबत, खचत असते. वर नवा थर पडत राहिला तरच ती समुद्रसपाटीच्या वर टिकते. तो थर विरळ झाल्यामुळे किनारा ठिकठिकाणी मागे हटू लागला आहे.

समुद्राला मिळणारे पाणी वाया गेले, हे वाक्य महाराष्ट्राच्या सभांतून इतक्या वेळा उच्चारले गेले आहे, की ते तपासून पाहण्याची गरज कोणाला वाटत नाही. मराठवाड्याची तहान खरी आहे आणि तिच्यापुढे मान तुकवावीच लागते. तरीही त्या पाण्यातला गढूळपणा हे कोनसीमेचे अन्न आहे, हे त्या वाक्यात कोठेच येत नाही. न्यायमूर्ती बच्छावत यांच्या अध्यक्षतेखालील लवादाने १९८० मध्ये गोदावरीच्या पाण्याची राज्याराज्यांत वाटणी अंतिम केली. मातीचा हिस्सा कोणी मागितला नव्हता. पावसाळ्यातल्या पहिल्या पुरांच्या पाण्यात गाळ सर्वाधिक असतो. ते पाणी वरच्या धरणांतून काही अंशी पुढे जाऊ देता येईल का, आणि त्यासाठी साठ्याचे वेळापत्रक किती बदलावे लागेल, याचा हिशेब पैठणला मांडला गेला पाहिजे, आणि तो मांडताना लंकेवरच्या शेतकऱ्यालाही त्या बैठकीत जागा हवी.