दारातली गाडी

मार्च महिना जवळ आला की आमच्या घरात दोन परीक्षांची धास्ती सुरू होते. एक माझी, बी. कॉम.ची, दुसरी आमच्या पिकअपची, पासिंगची. मी पास होईन याची बाबांना खात्री असते. गाडीची नसते. मालवाहू गाडीला पहिली आठ वर्षे दोन वर्षांतून एकदा आणि पुढे दरवर्षी योग्यतेचा दाखला घ्यावा लागतो. आमची गाडी २०११ सालची. म्हणजे तिच्यामागे दरसालची कटकट लागून बरीच वर्षे झाली. बिचारी दरवर्षी रंग लावून, दिवे बदलून, नव्या नवरीसारखी उभी राहते आणि पास होऊन येते. यंदा मात्र ती परीक्षेला बसणार की नाही, हाच प्रश्न होता.

आमचे गाव बेळगावच्या पश्चिमेला, वेंगुर्ल्याच्या रस्त्यावर, हद्दीच्या अलीकडे. लाल माती. पावसाळ्यात भात, बटाटे आणि रताळी. रताळ्यांना शहरी माणसे हसतात. पण नवरात्र आणि महाशिवरात्र जवळ आली की आमची रताळी मार्केट यार्डातून पार दिल्लीपर्यंत जातात, हे त्यांच्या गावी नसते. भाजीचे तसे नाही. तिची धाव गोव्यापर्यंत. पण ती पहाटेच यार्डात पोहोचली पाहिजे. सौदा सुरू झाल्यावर पोहोचलेली मेथी आणि तास संपल्यावर वर्गात शिरलेला विद्यार्थी, दोघांची किंमत सारखीच.

गाडी नव्हती तेव्हा बाबा गावातल्या एका टेम्पोवर अवलंबून असत. टेम्पो भरल्याशिवाय निघत नसे, आणि तो भरेपर्यंत पेंढ्या माना टाकीत. २००५ साली ‘टाटा एस’ बाजारात आली. लोकांनी लगेच तिचे नाव ‘छोटा हत्ती’ ठेवले, आणि लहान शेतकऱ्यालाही आपली गाडी असू शकते हे आमच्याकडच्या लोकांना पहिल्यांदा पटले. बाबांना मात्र हत्तीचा थोरला भाऊ हवा होता. त्यांनी २०१४ साली ही बोलेरो पिकअप जुनी विकत घेतली. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला बेळगावचे सरकारी नाव बदलले. गाडीच्या कागदावर मात्र जुनेच आहे. तो वाद इथे नको. मला सांगायचे आहे ते गाडीचे.

झाले असे की गेल्या जुलैत दादा मोटारसायकलवरून पडला. तो उद्यमबागेत एका कारखान्यात आहे. जाऊन-येऊन छत्तीस किलोमीटर. पाळी रात्री अकराला सुटते. बेळगावचा जुलै ज्यांना ठाऊक आहे त्यांना पुढचे सांगायला नको. पाऊस आडवा येत होता, समोरून आलेल्या दिव्यांनी डोळे दिपले, आणि चाक रस्ता सोडून खाली गेले. गळपट्टीचे हाड मोडले. त्या रात्री त्याला दवाखान्यात नेले ते पिकअपमधूनच. पण आईच्या मनाने घेतले. पिकअप विकायची, त्यात थोडे कर्ज घालायचे आणि जुनी का होईना, एक छोटी कार घ्यायची. दादा तिच्यातून कामाला जाईल, पाळी जुळेल तेव्हा मला कॉलेजात सोडेल, आणि पावसात घरच्यांचा जीव टांगणीला लागणार नाही.

दादाचे म्हणणे तेच होते. शिवाय बाबा आता बासष्टचे. उद्या पिकअप चालवणार कोण? दादाकडे हलक्या वाहनाचा परवाना आहे आणि तेवढा पुरतो. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने तसा निकाल दिला आणि २०२४च्या नोव्हेंबरात घटनापीठाने तो कायमही केला. पण परवाना असणे वेगळे आणि पहाटे चारला उठणे वेगळे!

बाबा चार दिवस काही बोलले नाहीत. पाचव्या दिवशी रात्री जेवताना मला म्हणाले, “तू कॉमर्स शिकालीस न्हवं? मग काढ हिशेब. हिशेबात बसली तर ठेवू, न्हाईतर विकू.”

तीन वर्षांत माझ्या शिक्षणाचा घरात कोणी उपयोग केला नव्हता. मी फुलून गेले. बाबांच्या साऱ्या डायऱ्या कपाटातून काढल्या आणि गेल्या वर्षाचे पान अन् पान तपासले. विमा, पासिंग, कर मिळून अठ्ठावीस हजार. यात विम्याचाच वाटा मोठा. पिवळ्या पाटीच्या गाडीला नुसता तिसऱ्या पक्षाचा विमाच सोळा हजारांच्या वर जातो. टायर बारा हजार. गॅरेज अठरा हजार. डिझेल साठ हजार. एकूण खर्च १,१८,०००. जमेला लोकांकडून मिळालेले भाडे अठ्ठावन्न हजार. आणि आपला माल दुसऱ्याच्या गाडीने नेला असता तर ऐंशी खेपांना नऊशेप्रमाणे बहात्तर हजार गेले असते, ते वाचले. एकूण १,३०,०००. म्हणजे बारा हजार फायदा. बाबा खूष झाले. मग मी घसारा धरला, पंचवीस हजार. बारा हजारांचा फायदा तेरा हजारांच्या तोट्यात गेला.

“हे घसारा कोण मागतंय?” बाबांनी विचारले.

“कोणी मागत नाही. पण गाडी झिजते ना!”

“मीबी झिजालोय. माझा कुठं धरलीस?”

याला उत्तर नव्हते. माझ्या पाठ्यपुस्तकातही नाही.

दुसऱ्या दिवशी डायऱ्या जागेवर ठेवताना एक गोष्ट दिसली. काही तारखांपुढे किलोमीटर लिहिलेले होते, पण भाड्याच्या रकान्यात रेघ. आधी वाटले, लिहायचे राहिले असेल. मोजले तर वर्षात अशा एकेचाळीस फेऱ्या निघाल्या. बाबांनी प्रत्येकीपुढे एकच शब्द लिहिलेला. दवाखाना नऊ. लग्न, साखरपुडा अकरा. मयत चार. गणपती तीन. कोणाची म्हैस जनावरांच्या डॉक्टरकडे, दोन वेळा. शाळेची बाके एकदा. उरलेल्या अकरा फेऱ्यांपुढे लिहिले होते, ‘असेच’.

या ‘असेच’ने माझा हिशेब पार बिघडवला. एका फेरीचे पाचशे धरले तर साडेवीस हजार होतात, आणि तेरा हजारांचा तोटा साडेसात हजारांच्या फायद्यात जातो. गाडी ठेवायला आणखी काय हवे? पण जे पैसे कधी मागायचेच नाहीत ते जमेला धरायचे कसे? मी आमच्या अकाउंटन्सीच्या सरांना गाठले. ते हसले आणि म्हणाले, “ही ख्याती झाली. पण नियम काय आहे? विकत घेतलेलीच ख्याती पुस्तकात दाखवता येते. स्वतः कमावलेली नाही.” हा नियम मी परीक्षेत दोन गुणांसाठी लिहिला होता. त्याचा अर्थ तेव्हा कळला.

मी सगळे घरी वाचून दाखवले. बाबा ओशाळले, चोरी पकडल्यासारखे इकडेतिकडे पाहू लागले. मला वाटले, आता आईचे मन वळणार. २०१९च्या ऑगस्टात मार्कंडेय नदीला पूर आला तेव्हा ओढ्याकाठच्या घरांतली भांडीकुंडी, धान्याची पोती आणि दोन म्हाताऱ्या याच गाडीतून शाळेत आणल्या होत्या, याचीही मी आठवण करून दिली. आई भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली,

“साऱ्या गावाला बसवलासा. मला कवा बसवलासा?”

घरात कोणी काही बोलले नाही. खरेच होते. पिकअपमध्ये पुढे दोघांची जागा. लग्नाला निघताना तिथे कोणीतरी वडीलधारी बाई बसायची आणि आई मागे हौद्यात. मावशीच्या मुलाच्या लग्नात परतताना पाऊस आला, तेव्हा ती नव्या साडीवर ताडपत्री घेऊन बटाट्याच्या पोत्यासारखी घरी आली. आम्ही तेव्हा पोट धरून हसलो होतो. वास्तविक मालाच्या गाडीत माणसे बसवणे कायद्याला मान्य नाही, आणि कायद्याचे बरोबरच आहे. बाबांनी एकदा दंडही भरला आहे. पुढच्या वेळी पुन्हा तेच! आता आईचे गुडघे गेलेत. पुढची जागा मोकळी असली तरी तिला चढता येत नाही, म्हणून बाबांनी एक लाकडी स्टूल करून घेतले आहे. ते सीटच्या मागे असते. आई त्यावर पाय ठेवून चढते. मग बाबा ते उचलून आत ठेवतात, आणि उतरताना पुन्हा काढून देतात. दवाखान्याच्या दारात सगळे बघत असतात.

त्या आठवड्यात गाडी बघायला एक गिऱ्हाईक आले. दोन लाख चाळीस हजार म्हणाले. आमची गाडी वर्षानुवर्षे दुरुस्त करणारे कन्नड मिस्त्री त्या वेळी तिथेच होते. गिऱ्हाईक गेल्यावर ते बाबांना म्हणाले, “गाडी छलो ऐती. मारब्याड्री!” गाडी चांगली आहे, विकू नका. आईने एवढेच ऐकले आणि आतून म्हणाली, “मारालंय कोण हितं?” कन्नड विभागाच्या वाचकांना हा विनोद आधी कळेल.

दिवाळीपर्यंत दादाचे हाड जुळले, पण प्रश्न जिथल्या तिथे होता. शेवटी तोडगा निघाला तो आईकडूनच, हे मला अजून नवल वाटते. ती म्हणाली, कार दादाने त्याच्या पगारावर कर्ज काढून घ्यावी. नवी नको, जुनीच बघावी. पिकअप ठेवायची असेल तर ठेवा, पण विमा आणि पासिंग आपण एकट्याने का भरायचे? एकेचाळीस फेऱ्या ज्यांच्या, त्यांनी वाटून घ्यावेत. बाबा म्हणाले, “मी मागणार न्हाई.” आई म्हणाली, “तुम्ही नकोच मागू.” आणि माझी वही घेऊन, दुखऱ्या गुडघ्यांनी, ती पाच घरे फिरून आली. तिघांनी हो म्हटले. एकाने बघू म्हटले. एका घरी चहा झाला, पोह्याचे पापड झाले, विषय मात्र निघालाच नाही. त्या घरच्या दवाखान्याच्या फेऱ्या सर्वांत जास्त आहेत. मी नाव लिहीत नाही.

सौदा एक वर्षापुरता ठरला आहे. पुढच्या मार्चला पुन्हा हिशेब. दादा सुट्टीच्या दिवशी जुन्या कार पाहत हिंडतो. आईची अट एकच, दार उघडले की पाय सरळ आत गेला पाहिजे.

परवा पहिला वाटा आला. पलीकडच्या गल्लीतले काका पैसे घेऊन आले, मोजून बाबांच्या हातात दिले, चहा घेतला. उठता उठता म्हणाले, “मंगळवारी पाच पोती रताळी हाईत. जागा हाय न्हवं? भाडं किती धरू?”

“भाडं कसलं आलंय!” बाबा म्हणाले.

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, “लिव्हून ठेव गे.”