बुधवारची पन्नास मिनिटं

बर्लिनमध्ये थेरपिस्ट शोधायचा तर आधी उत्तरयंत्राशी बोलायला शिकावं लागतं. इथले बहुतेक थेरपिस्ट एकट्यानं क्लिनिक चालवतात, फोन उचलायला कुणी नसतं. सार्वजनिक आरोग्य विम्याचे रुग्ण घेणाऱ्या पूर्णवेळ थेरपिस्टनं आठवड्यातून 200 मिनिटं फोनवर भेटलं पाहिजे, असा नियम आहे. ती मिनिटं नेमकी कोणती, ते यंत्र सांगतं. मी एक वही केली. डाव्या पानावर नावं आणि वेळा, उजव्या पानावर फोन लावण्याआधी तीन-तीनदा म्हणून पाहिलेली जर्मन वाक्यं. सव्वीस नावांपुढे ‘जागा नाही’ असं लिहिलं. जर्मनीच्या इतर भागांच्या मानानं बर्लिनमध्ये थेरपिस्ट पुष्कळ आहेत, तरी महिनोन्‌महिने थांबावं लागतं.

साताऱ्यात बाबा गेले तेव्हा माझा निवास-परवाना नूतनीकरणात अडकला होता. देशाबाहेर पडले तर परत येता येईल की नाही, कळत नव्हतं. मी थांबले. बाबांना नेताना मोबाइलवर पाहिलं, आणि सोमवारी कामावर गेले. पुढं वर्षभर सगळं सुरळीत चालल्यासारखं वाटत होतं. मग एक दिवस खण बंद होईना. टपालपेटीतली पाकिटं मी न फोडता त्यात टाकत आले होते. घरमालक, विमा, कर, जर्मनीत सगळं पाकिटातूनच येतं. आईचा व्हिडिओ कॉल आला की कॅमेराही बंद ठेवत होते. फॅमिली डॉक्टरांकडे झोपेची तक्रार घेऊन गेले, तर त्यांनी विचारलं, “पत्रं उघडता का?” तिथंच रडू फुटलं.

थेरपिस्टकडे जायला इथं डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही. 116117 या क्रमांकावर फोन करून पहिल्या सल्ल्याची भेट मागता येते. अशी पहिली भेट 2017 सालापासून मिळते. त्या भेटीत उपचारांची गरज आहे का ते पाहतात आणि हातात एक फॉर्म देतात. पुढची जागा मात्र बहुधा आपणच शोधायची. जागा मिळाली की खर्च विमा भरतो.

या व्यवस्थेतली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. थेरपी सुरू होण्याआधी किमान दोन आणि जास्तीत जास्त चार बैठका एकमेकांना जोखण्यासाठी असतात. नाही जमलं तर दुसऱ्याकडे जायचं, तिथं पुन्हा तशाच बैठका. म्हणजे नकार द्यायची सोय नियमातच आहे. आमच्या घरात डॉक्टरांना उलट प्रश्न विचारणंसुद्धा उद्धटपणाचं मानत. मला ही सोय वापरता येईल असं वाटलं नव्हतं.

सत्ताविसाव्या फोनला जागा मिळाली. गृहस्थ सज्जन होते, कामात पक्के. बेकची 21 प्रश्नांची नैराश्याची प्रश्नावली त्यांनी भरून घेतली. मी आईला रोज फोन करते, घरखर्चाला पैसे पाठवते, हे ऐकल्यावर ते माणसामाणसांतल्या सीमारेषांबद्दल बोलले. त्यात चूक काही नव्हतं, कित्येकांना त्याचा उपयोग होत असेल. पण मी बाबांचा विषय काढला की बोलणं पुन्हा आईवर यायचं. दोन बैठका मी मान डोलवत राहिले. तिसरीला जाण्याआधी वहीत एक वाक्य लिहिलं: ‘मला वाटतं, आपलं जमत नाही.’ ते म्हणताना हात थरथरत होते. त्यांनी शांतपणे मान हलवली आणि दोन नावं लिहून दिली.

ऑनलाइन, मराठीतच का नाही, असं पुण्याच्या मैत्रिणीनं विचारलं. बरोबरच होतं तिचं. कि. मो. फडके यांनी अल्बर्ट एलिसचा विवेकनिष्ठ मानसोपचार मराठीत रुजवला, ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 मध्ये आयपीएच ही संस्था उभी केली. मन उलगडून सांगायला मराठी कुठं कमी पडत नाही. पण तिकडच्या थेरपीचे पैसे इथला विमा देत नाही. शिवाय मी थांबले ती इथं. ज्या शहरापायी थांबले, त्या शहरातल्या कुणाला तरी ते समोर बसून सांगायचं होतं.

दिलेल्या नावांपैकी दुसऱ्या बाई पोट्सडामर श्ट्रासंजवळ बसतात. 1920 साली याच रस्त्यावर माक्स आयटिंगोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मनोविश्लेषणाचा दवाखाना उघडला होता, ज्यांना पैसे देणं शक्य नाही त्यांच्यासाठीसुद्धा. नाझी आल्यावर आयटिंगोनना जर्मनी सोडावी लागली. पहिल्या दिवशी पायऱ्या चढताना तोच माणूस मनात होता.

बाईंनी प्रश्नावली काढली नाही. विचारलं, “तुम्ही घरी असता, तर ते दिवस कसे गेले असते?” मी सांगत गेले. घरात चूल पेटत नाही, शेजारपाजारचे पिठलं-भाकरी आणतात. दहाव्याला माहुलीच्या संगमावर पिंड ठेवतात आणि सगळे लांब उभे राहून कावळ्याची वाट बघतात. गेलेल्या माणसाचं काही मागं अडकलेलं असेल, तर कावळा शिवत नाही. कुठं कुठं जर्मन शब्द सापडेना. तेव्हा त्या म्हणाल्या, आधी तुमच्या भाषेत म्हणा, मी थांबते. त्या खरोखरच थांबल्या. मग विचारलं, “आणि कावळा आला?”

मला माहीत नव्हतं. दीड वर्षात मी आईला ते विचारलंच नव्हतं.

त्या रात्री कॅमेरा सुरू करून विचारलं. आई जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “लवकर शिवत नव्हता गं. उन्हं वर आली तरी नाही. शेवटी काका पुढं झाले, हात जोडून म्हणाले, लेकीची काळजी करू नकोस दादा, ती तिकडं नीट आहे. मग शिवला.”

चार बैठका संपल्या, पहिल्या बारा तासांची थेरपी सुरू झाली. परवा बुधवार. काकांनी काय सांगितलं ते जर्मनमध्ये कसं म्हणायचं, ते वहीच्या उजव्या पानावर लिहून काढते आहे.