ओआहाकाची पेठ

दक्षिण मेक्सिकोतील ओआहाका हे डोंगरांनी वेढलेले जुने नगर. तेथील बेनितो हुआरेस मंडईत मक्याची रोटी, काळा घेवडा आणि मका व कोको घोटून केलेले तेहाते हे पेय आजही मिळते. मंडईबाहेरच्या लहान किराणा दुकानांत मात्र दर्शनी जागा शीतपेयांची. बाटल्यांचे शीतकपाटही अनेकदा पेयकंपनीनेच दिलेले. त्यात नळाच्या पाण्यावर लोकांचा भरवसा नाही.

मग लठ्ठपणाचा दोष कोणाचा? जिभेवर ताबा हवा, असे उत्पादक म्हणतात. ते खोटे नाही. पण शाळेच्या वाटेवर पावलोपावली बाटली दिसणाऱ्या बालकाकडून किती संयम अपेक्षावा?

मेक्सिकोने 2014 पासून साखरयुक्त पेयांवर लिटरमागे एक पेसो कर बसविला; पहिल्या वर्षी त्यांची खरेदी सुमारे 6 टक्क्यांनी घटली. ऑगस्ट 2020 मध्ये ओआहाकाच्या विधिमंडळाने अशी पेये व अतिउष्मांकी पाकीटबंद खाद्ये अल्पवयीनांना विकण्यास मनाई केली. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून देशभर वेष्टनांवर जादा साखर, मीठ, मेद यांचा इशारा देणारे काळे अष्टकोन आले.

यांतील विक्रीबंदी थेट गल्ल्यावर बसणाऱ्याला लागू होते. आपल्या व्यापारी कुटुंबांनी येथे क्षणभर थांबावे. कोणता माल मुलाच्या हाताच्या उंचीवर मांडायचा, हे दुकानदारच ठरवितो. कारखाना आणि ग्राहकाची जीभ यांच्यामध्ये त्याचे दुकान उभे असते. नफ्याप्रमाणे या जबाबदारीतही त्याचा वाटा आहे.