मदत नव्हे, वांटा

माझ्या आजोबांच्या पिढीला मुलींच्या शिक्षणासाठीं घराघरांतून जे वाद घालावे लागले, ते आजच्या तरुणांना घालावे लागत नाहींत. बहिणीनें इंजिनियर व्हावें, नोकरीसाठीं परगांवीं एकटीनें राहावें, यांत माझ्या एकाही नातवाला वावगें वाटत नाहीं. पण ‘स्त्रीवाद’ हा शब्द निघाला कीं याच मुलांच्या कपाळाला आठी पडते. मत उदार आणि शब्दाची मात्र चीड, असें कां व्हावें, याचा विचार धंतोलींतील आमच्या घरांत बसून मी बरेच दिवस करीत आहें.

मुलांशीं बोलतां बोलतां ध्यानांत आलें कीं, या रागाच्या मुळाशीं द्वेष थोडा आणि भीति अधिक आहे. पंचविशी उलटली तरी कायमची नोकरी नाहीं. ती मिळाली तर घराचे हप्ते. आणि ‘मिळवून आणील तोच पुरुष’ ही जुनी कसोटी तशीच कायम. अशा वेळीं मोबाइलवरचा कोणी वक्ता ‘तुमची जागा बायकांनीं बळकावली’ असें ठासून सांगतो, आणि तें कानाला गोड लागतें. वस्तुतः ही कसोटी बायकांनीं लावलेली नाहीं. मिळवतेपणाचें ओझें दोघांनीं वांटून घ्यावें, हें तर स्त्रीवादाचेंच म्हणणें आहे.

हा विचार परदेशांतून आला, असाही मुलांचा समज असतो. आपल्या वऱ्हाडांतील बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं ‘स्त्रीपुरुषतुलना’ १८८२ सालीं छापली; स्त्रियांच्या माथीं मारलेले दोष पुरुषांतही आहेत, हें त्यांनीं खणखणीतपणें मांडलें. २० जुलै १९४२ रोजीं याच नागपुरांत भरलेल्या दलित महिला परिषदेंत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं सांगितलें कीं, पत्नीनें नवऱ्याची दासी न होतां बरोबरीची मैत्रीण म्हणून उभें राहावें. पुढें मुंबईंत १९९३ सालीं पुरुषांनींच स्थापिलेली ‘मावा’ ही संस्था स्त्रियांवरील अत्याचाराविरुद्ध तरुण मुलांशीं बोलूं लागली. तेव्हां हा प्रश्न आपल्याच मातींतला आहे, आणि तो एकट्या बायकांचाही नाहीं.

गेल्या हिवाळ्यांत माझ्या थोरल्या नातवासाठीं एक चांगलें स्थळ आलें. दोघें भेटलीं तेव्हां मुलीनें विचारलें, “घरांतलें कोणतें काम तुमचें?” तो म्हणाला, “मी आईला सगळ्यांत मदत करतों.” ती म्हणाली, “ती मदत झाली. तुम्ही परगांवीं गेलां तर अडून राहील, असें तुमचें काम कोणतें?” त्याला उत्तर सुचलें नाहीं. घरीं येऊन तो आईपाशीं धुसफुसला. मुलगी आगाऊ आहे, एवढें करूनही या बायकांचें समाधान होत नाहीं! आईनें शांतपणें विचारलें, “पण ती म्हणाली तें खोटें होतें कां रे?” तो न बोलतां उठून गेला. स्थळ तेथेंच राहिलें.

‘एवढें’ म्हणजे तरी किती? केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणींत सहा वर्षांवरील पुरुषांपैकीं शेंकडा सुमारें २७ जणांनीं दिवसांतून घरकामाला हात लावला, तोही सरासरी ८८ मिनिटें. घरकाम करणाऱ्या स्त्रिया शेंकडा ८१ हून अधिक, आणि त्यांचा वेळ २८९ मिनिटें. २०१९ च्या पाहणींत पुरुषांचीं मिनिटें ९७ होतीं. म्हणजे मतें पुढें गेलीं, हात मात्र आहेत तेथेंच आहेत.

स्वयंपाकानें पुरुषपण जातें म्हणावें, तर आपल्या लग्नामुंजींत पंक्तीच्या पंक्ति जेवूं घालणारे आचारी बहुधा पुरुषच असतात. हातानें भात शिजवून शिकलेले विद्यार्थी आपल्याच वाडवडिलांत होते. काम मुळांत बायकी नाहीं. घरांत, बिनपैशानें आणि रोज करावें लागलें कीं तें बायकी ठरतें.

चार दिवसांनीं नातू आपण होऊन म्हणाला, “रात्रीं दुधाला विरजण लावणें आणि सकाळचा चहा, हें यापुढें माझें.” पहिल्याच आठवड्यांत दोनदां विरजण राहिलें. आम्ही सर्वांनीं दह्याताकाशिवाय जेवण उरकलें. आजीचा हात शिवशिवत होता, तरी तिनें तो आवरला. आतां तो परगांवीं निघाला तर विरजणाची आठवण धाकट्या भावाला करून जातो.

मुलगा ओट्यापाशीं आला कीं ‘तूं जा, अभ्यास कर’ म्हणून त्याला परत पाठविणारीं आपण वडील माणसेंच असतों. वाचकांनीं आपल्या घरीं एवढेंच करून पाहावें: प्रत्येक मुलाच्या नांवावर एक तरी काम लावावें, आणि तो विसरला तर आईनें वा आजीनें तें गुपचूप उरकूं नये.