लॅपटॉप मोडीत काढण्यापूर्वी

पूर्वी पातेल्याला कल्हई लावून घेत, गादी पिंजून घेत. लॅपटॉपच्या बाबतीत मात्र आपण फार लवकर हात टेकतो. तो सुरू व्हायला पाच मिनिटे लागू लागली, की घरात नव्याची भाषा सुरू होते.

नोएडात राहणाऱ्या एका मराठी कुटुंबातही तेच झाले. मुलगी कॉलेजात जाणार होती. नवा लॅपटॉप घ्यायचा, तर फीसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांना हात लावावा लागणार होता. ‘‘आई, हा आता चालायचा नाही,’’ मुलीने जाहीर केले. ‘‘आधी विचारून तर पाहू,’’ म्हणत आईने तिला मेट्रोने दिल्लीच्या नेहरू प्लेसला, संगणकांच्या बाजारात नेले.

दुकानदाराने रॅम आणि हार्ड डिस्क बदलायला सांगितले. आईने ते आपल्या परीने समजून घेतले. रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा, डिस्क म्हणजे कोठीची खोली. ओटा लहान असला, की सामानासाठी सारख्या कोठीत खेपा घालाव्या लागतात. त्यातून हार्ड डिस्क फिरत्या तबकड्यांची. माहिती शोधायलाच वेळ लागतो. एसएसडीत फिरणारा भागच नसतो, म्हणून ती कितीतरी वेगवान. ४ जीबीची रॅम ८ जीबी झाली, एसएसडी बसली आणि लॅपटॉप अर्ध्या मिनिटात सुरू होऊ लागला.

अर्थात प्रत्येक लॅपटॉपला हा उपाय लागू पडत नाही. अनेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच पक्की बसवलेली असते. डीडीआर-३ च्या खाचेत डीडीआर-४ बसत नाही. विंडोज १० ला मिळणारी मोफत सुरक्षा सुधारणांची सोय १४ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्वसाधारणपणे संपली. जुन्या प्रोसेसरवर विंडोज ११ चालेल का, हे आधीच पाहावे. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भावही चढले, तेव्हा दोन-तीन दुकानांत चौकशी केलेली बरी.

पैसे देताना दुकानदार सहज म्हणाला, ‘‘पुरानी डिस्क यहीं छोड़ दीजिए.’’ मुलगी हो म्हणणार, तोच आईने हात पुढे केला. त्या डिस्कमध्ये आजोबांचे शेवटच्या दिवाळीचे फोटो होते, बँकेची कागदपत्रे होती, सगळ्यांची आधार कार्डे होती. ‘‘ते तर मी पुसून टाकलंय,’’ मुलगी म्हणाली. पण नुसते डिलीट केल्याने माहिती लगेच नाहीशी होत नाही. जाणकार माणूस ती पुन्हा बाहेर काढू शकतो.

ती डिस्क आता यूएसबीच्या डबीत बसवून घरच्या कपाटात ठेवली आहे. महिन्यातून एकदा मुलगी त्यावर फोटोंची आणि कागदपत्रांची नक्कल उतरवून घेते. लॅपटॉप दुरुस्तीला देणाऱ्या प्रत्येक गृहिणीने एवढे तरी करावे: आधी नक्कल काढावी आणि जुनी डिस्क मागून घ्यावी. वेग बाजारात विकत मिळतो, आजोबांचे फोटो मिळत नाहीत.