पाठभेद आणि संगणक

माझा पुतण्या पुण्यास चार सहकाऱ्यांसह संगणकाच्या आज्ञावली लिहिण्याचा व्यवसाय करितो. पांच जणांनीं एकच लेखन ठिकठिकाणीं बसून सुधारावयाचें, म्हणजे फेरफारांची नोंद राखणारी व्यवस्था हवीच. कोणाचें मत ‘सबव्हर्जन’ घ्यावें, कोणाचें ‘गिट’. त्यांचा सर्वांत जाणता सहकारी दिवाळीनंतर परदेशीं जावयाचा होता. त्यानें काय आणि कां बदललें, हें ज्ञान त्याच्याबरोबरच जाईल, ही खरी धास्ती.

साधन नवें, परंतु प्रश्न जुना आहे. ज्ञानेश्वरींत अपपाठ शिरले, म्हणून शके १५०६ मध्यें एकनाथ महाराजांनीं प्रती ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली. उपकार थोर; परंतु टाकलेले पाठ कोणते व कां टाकले, हें तींत नमूद नाहीं. उलट, पुण्याच्या भांडारकर संस्थेनें १९१९ सालीं हातीं घेतलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तींत स्वीकृत पाठ वर, आणि इतर पाठ हस्तलिखितांच्या निर्देशासह तळाशीं दिले आहेत. प्रधान संपादक डॉ. सुखठणकर १९४३ त वारले. तरी पुढील विद्वानांनीं १९६६ सालीं तें कार्य तडीस नेलें.

सबव्हर्जनमध्यें संपूर्ण इतिहास एका मध्यवर्ती यंत्रावर राहतो. नवी नोंद करण्यास त्याच्याशीं संबंध जुळावा लागतो. चित्रांसारख्या मोठ्या फायली एकानेंच हाताळावयाच्या असल्यास तें सोयीचेंहि पडतें. लिनस टोरवाल्ड्स यांनीं २००५ सालीं रचलेल्या गिटमध्यें मात्र प्रत्येकाजवळ सबंध इतिहास असतो. आमच्या कशेळ्यास पावसाळ्यांत वीज जाते, इंटरनेट बंद पडतें. तेव्हां पुतण्यास येथें बसूनहि आपली नोंद करितां यावी, म्हणून मीं गिटच्या बाजूनें कौल दिला.

परंतु प्रत्येकाची प्रत म्हणजे प्रत्येकाचें राज्य नव्हे. पांचांनीं मान्य केलेली प्रत एकच असावी, आणि प्रत्येक फेरफाराशीं त्याचें कारण लिहावें. ‘दुरुस्त केलें’ ही नोंद नव्हे. ‘अमुक हिशेब चुकत होता, म्हणून बदललें’ ही नोंद. व्यवस्था कितीहि उत्तम असो, हा एक ओळीचा कंटाळा ती आपणांसाठीं करीत नाहीं. जाणारा सहकारी तेवढ्या ओळी मागें ठेवील, तर तो गेल्यावरहि त्याचा विचार कामांत राहील. आमच्या एकत्र कुटुंबांच्या दप्तरांसहि हाच नियम लागूं पडतो, हें सुज्ञ वाचकांस निराळें सांगावयास नको.