शिव्यांचे टपाल

मासिकाच्या कचेरीत येणाऱ्या टपालात कविता असतात, पाककृती असतात, अंक वेळेवर न मिळाल्याच्या तक्रारी असतात. आणि महिन्याकाठी दोनचार पत्रे अशीही असतात की, ती उघडलीच नसती तर बरे झाले असते, असे वाटावे. काहींखाली सही असते, बहुतेकांखाली नसते. आता ही पत्रे पाकिटातून कमी आणि संगणकावर वा मोबाइलवर अधिक येतात, एवढाच काय तो फरक. शिव्यांचा शब्दसंग्रह फारसा बदललेला नाही. ज्याचे काम चार लोकांपुढे जाते, त्याच्या वाट्याला असे टपाल केव्हा ना केव्हा येतेच. त्याचे करावे काय, याचा विचार मला माझ्या व्यवसायामुळे करावा लागला. आणि त्या विचारात, मी ज्या शहरात राहते त्या लखनौचा इतिहासच माझ्या उपयोगी पडला.

मराठी आवृत्तीसाठी हिंदी मजकुराचे भाषांतर व संपादन करणे हे माझे काम. एका अंकासाठी पेठ्याची कृती आली. उत्तर प्रदेशात घरोघर आवडीने खाल्ली जाणारी ही मिठाई ज्या फळाची करतात, त्याला मी मराठीत ‘कोहळा’ असे लिहिले. पुण्याकडे कोहळा म्हटले की पांढरट सालीचे ते फळ डोळ्यांपुढे येते. विदर्भात मात्र कोहळे म्हणजे लाल भोपळा. तिकडच्या एका वाचकाने बाजारातून लाल भोपळा आणला, चुन्याच्या निवळीत ठेवला, पाकात शिजविला. आणि पेठा काही पेठ्यासारखा झाला नाही. त्यांनी मला जे पत्र लिहिले, त्यात पेठ्याविषयी एकच वाक्य होते. बाकीच्या दीड पानात परप्रांतात राहून मायबोली विसरल्याबद्दल माझी आणि मला असे वाढविल्याबद्दल माझ्या आईवडिलांची, येथे लिहिता येणार नाही अशा शब्दांत संभावना केलेली होती.

वाचून हसावे आणि सोडून द्यावे, असे आपण दुसऱ्याला सहज सांगतो. स्वतःला ते साधत नाही. पुढे तीन दिवस मी लिहिलेले प्रत्येक वाक्य मला त्या अपरिचित गृहस्थांच्या नजरेने दिसू लागले. साधा ‘भाजी’ हा शब्द लिहितानाही हात थबकू लागला. चौथ्या दिवशी एका वृद्ध आजींचे पत्र आले. अंकाची अक्षरे थोडी मोठी करता येतील का, एवढेच त्यांनी विचारले होते. त्यांना उत्तर लिहावयास बसले, तो एक तुसडे वाक्य लेखणीच्या टोकाशी येऊन उभे राहिले. ते कागदावर उतरले नाही. परंतु अशा पत्रांचा खरा अपाय कोणता, हे त्या क्षणी मला समजले. शिवी देणारा दूरच राहतो. त्याने चढविलेला राग आपण नकळत दुसऱ्याच कोणाच्या तरी पदरात घालावयास निघतो.

आमच्या उर्दू विभागातील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना मी ते पत्र दाखविले. त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि ते म्हणाले, “बेटी, या शहराने याहून तिखट शिव्या छापून विकल्या आहेत!”

ते म्हणत होते ते अक्षरशः खरे होते. मुन्शी सज्जाद हुसेन यांनी १८७७ मध्ये लखनौहून ‘अवध पंच’ नावाचे विनोदी साप्ताहिक काढले. लंडनच्या ‘पंच’चा नमुना त्यांच्यापुढे होता. अकबर इलाहाबादींसारखे कसलेले लेखक त्यात लिहीत. त्याच्या विनोदाची धार मोठी होती. पण ती पुष्कळदा कृतीवरून घसरून माणसावर उतरे. प्रतिष्ठित ‘अवध अखबार’ व त्याचे संपादक रतननाथ सरशार यांच्यावर त्याने टीकेचे आसूड ओढले. कवितेची नवी वाट दाखविणाऱ्या हालींनाही सोडले नाही.

१९०५ मध्ये पाळी आली अब्दुल हलीम शरर यांची. तरुण कवी चकबस्त यांनी दयाशंकर नसीम यांच्या ‘गुलजार-ए-नसीम’ या काव्याची नवी आवृत्ती प्रसिद्ध केली. शरर यांनी आपल्या ‘दिलगुदाज’ मासिकात त्या काव्याच्या भाषेत दोष दाखविले आणि ते मुळात नसीमचे नसून त्याचे गुरू आतिश यांचे असावे, असे सुचविले. चकबस्तांनी उत्तर दिले. ‘अवध पंच’ने चकबस्तांची बाजू घेतली आणि वाङ्मयीन वादाचे पाहता पाहता शररांच्या टवाळीत रूपांतर झाले. शरर यांचे सगळे आक्षेप टिकण्यासारखे होते, असे नव्हे. तेही कमी हट्टाने भांडले नाहीत. परंतु भाषेच्या प्रश्नाला उत्तर देणे निराळे आणि प्रश्न विचारणाऱ्याची रेवडी उडविणे निराळे.

मला मोलाची वाटते ती यापुढची गोष्ट. ज्या शहरात आपली अशी टिंगल झाली, त्याच्याविषयी शरर यांनी मनात विष साठविले नाही. १९१३ पासून त्याच ‘दिलगुदाज’मध्ये त्यांनी जुन्या लखनौवर लेखमाला लिहिली. नवाबांचा इतिहास, गाणे, पोशाख, पक्वान्ने, पक्ष्यांच्या झुंजी, आणि माणसाने माणसाशी अदबीने कसे बोलावे याचे संकेतही त्यांनी तीत प्रेमाने नोंदविले. ‘गुजिश्ता लखनौ’ या नावाने ती ओळखली जाते. १९७५ मध्ये तिचे इंग्रजी भाषांतर झाले; जुन्या लखनौचा अभ्यास करणाऱ्यास आजही तिच्याकडे जावे लागते. टवाळीचे ते अंक आता अभ्यासकच चाळतात.

आपल्या महाराष्ट्राला तर असे उदाहरण बाहेरून आणण्याचे कारणच नाही. १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढणाऱ्या गोपाळ गणेश आगरकरांना पुण्यात आपलीच प्रेतयात्रा जिवंतपणी पाहावी लागली. तरीही १८९५ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांची लेखणी थांबली नाही, आणि युक्तिवादाची वाटही तिने सोडली नाही.

या थोरांशी माझी बरोबरी नाही. पण त्यांच्यापासून टेबलावरची एक लहानशी रीत मी शिकले. कडवट पत्र आले की पेन्सिल घ्यावयाची आणि पडताळून पाहता येईल अशा वाक्याखालीच रेघ ओढावयाची. रेघ ओढलेल्या वाक्याला उत्तर द्यावयाचे, तेही एक रात्र मध्ये जाऊ देऊन. उरलेल्या मजकुराला उत्तर नाही. विदर्भातील त्या पत्रात अशी रेघ एकाच वाक्याखाली पडली. त्याबद्दल मी त्यांचे आभार मानले आणि पुढच्या अंकात ‘पेठ्यासाठी पांढरा कोहळा घ्यावा, लाल भोपळा नव्हे’ अशी चौकट दिली. त्यांचे पुन्हा पत्र आले नाही. ते यावे अशी अटही नव्हती.

मात्र शिवी आणि धमकी यांत अंतर आहे, हे विसरता कामा नये. जिवाला वा अब्रूला अपाय करण्याची धमकी असलेले पत्र फाडू नये, मोबाइलवरील मजकूर पुसू नये. पाकिटासह तो जपून ठेवून पोलिसांकडे द्यावा. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ मध्ये धमकीसाठी शिक्षा आहे, आणि नाव लपवून दिलेल्या धमकीसाठी वाढीव शिक्षेची तरतूद आहे. तेथे सहनशीलता हा सद्गुण ठरत नाही.

हे सारे केवळ संपादकांपुरते नाही. दुकानदार, शिक्षिका, परिचारिका, आपले गाणे लोकांना ऐकविणारी घरातली मुलगी, या सर्वांनाच आज अनोळखी माणसांचे बोल घरबसल्या ऐकावे लागतात. मुलगी असे काही वाचून गप्प बसलेली दिसली, तर ‘लक्ष देऊ नकोस’ एवढेच म्हणून आईबापांनी उठून जाऊ नये. तिच्या शेजारी बसावे, तो मजकूर तिच्याबरोबर वाचावा आणि पेन्सिल तिच्या हाती द्यावी. कोणत्या शब्दाखाली रेघ ओढण्याजोगे काही आहे, हे तिचे तिलाच ठरवू द्यावे.